परदेशी राहायला जाताना स्वतःची बाईक सोबत न्यायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा होता: नोकरीसाठी तीन वर्षं परदेशी जायचंय, हातात दोन ऑफर आहेत म्हणजे देश अजून पक्का नाही, घरचं सामान पाठवायचा खर्च कंपनी देणार आहे, स्वतःची साडेसहाशे सीसीची ट्विन (दोन सिलिंडरची बाईक) आहे पाच वर्षं जुनी, तर ती त्याच कंटेनरमध्ये टाकून न्यावी का, की ही विकून जायच्या आधी नवीन मॉडेल घ्यावं आणि तेच न्यावं, आणि कस्टम्सवाले साधारण किती घेतील. मी फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये काम करतो, लोकांच्या गाड्या एका देशातून दुसऱ्या देशात पाठवणं हा त्यातला बराच मोठा भाग आहे, आणि स्वतःही चालवतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय.

आधी ते नवीन गाडीचं बघू. तो विचार आत्ताच्या आत्ता बाजूला ठेवा, सगळ्यात महाग पडणारा पर्याय तोच आहे. कारण जवळपास सगळीकडे ड्युटीची माफी मिळते ती "स्वतःची, आधीपासून वापरातली वस्तू" म्हणून, आणि आधीपासून म्हणजे किती आधीपासून हे नियमात लिहिलेलं असतं. युरोपियन युनियनमध्ये हा नियम सरळ आहे: तुम्ही युनियनच्या बाहेर सलग १२ महिने राहिलेले हवेत, गाडी निदान ६ महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात हवी, तिकडे राहायला गेल्यापासून १२ महिन्यांच्या आत तिचं डिक्लेरेशन व्हायला हवं, आणि आणल्यावर पुढचे १२ महिने ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, कुणाला वापरायला द्यायची नाही, गहाणही ठेवायची नाही. ब्रिटनचं गणित जवळजवळ हेच, फक्त तिथे टीओआर१ नावाचा अर्ज भरून मंजुरीचा नंबर हातात घ्यावा लागतो आणि तो गाडी निघायच्या आधी हातात असलेला बरा. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही पण तिथेही ६ महिन्यांचा वापर आणि नंतर वर्षभर स्वतःच वापरायची अट आहे, फॉर्म वेगळा, १८.४४ नंबरचा. ऑस्ट्रेलियात तर गाडी परदेशात १२ महिने तुमच्या मालकीची आणि वापरात असावी लागते, आणि तिथे हा प्रश्न ड्युटीचा नसून गाडी आत येऊ द्यायची की नाही याचाच आहे.

म्हणजे तुमची पाच वर्षं जुनी, थोडी ओरखडलेली गाडी कस्टम्सच्या नजरेत सोन्यासारखी आहे आणि शोरूममधून काढलेली नवी कोरी गाडी म्हणजे सरळ सरळ आयात केलेला माल. जायच्या दोन महिने आधी लोक हौसेने गाडी बदलतात आणि मग एजंटला विचारतात की माफी का नाही. तारखा बघा ना, म्हणून नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. "गाडी नेता येईल का" असं सगळे विचारतात आणि माहिती काय देतात तर मॉडेल, सीसी, वर्ष. त्याचा उपयोग नंतर होतो. आधी लागते ती तुमची स्वतःची माहिती: तिकडे तुम्ही कोण असणार, पाहुणे की रहिवासी, कुठल्या तारखेपासून, किती काळासाठी, आणि त्या तारखेच्या आधी गाडी तुमच्या नावावर कधीपासून आहे. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एकीचा मालक फिरायला आलाय आणि दुसरीचा नोकरीला, दोघांना लागू होणारे नियम पूर्ण वेगळे.

फिरायला आलेल्यासाठी तात्पुरती आयात असते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरचा रहिवासी स्वतःच्या देशाची नंबर प्लेट लावून खाजगी वापरासाठी ६ महिने गाडी ठेवू शकतो. काही देशांना कार्ने लागतं, ते गाडीच्या पासपोर्टसारखं पुस्तक ऑटोमोबाईल क्लबकडून मिळतं, वर्षभर चालतं, आणि गाडी परत बाहेर नेली नाही तर ड्युटी भरायची हमी म्हणून तुमचे बरेच पैसे किंवा बँक गॅरंटी त्यात अडकून असते. हे सगळं लांबच्या टूरवर निघालेल्या लोकांसाठी. एक्सपॅट, म्हणजे नोकरीसाठी परदेशी राहायला गेलेल्या लोकांची गडबड नेमकी इथे होते, कारण कुणीतरी सांगतं की अरे कार्नेवर आण, सहा महिने चालव, मग बॉर्डरपलीकडे एक चक्कर मारून परत ये. पण तुमच्याकडे त्या देशाचा राहायचा परवाना आहे, घराचा करार आहे, पगार तिथे जमा होतो, मग तुम्ही पाहुणे नाही. रहिवासी झालात की परदेशी प्लेटची गाडी तुम्ही चालवणं हाच बऱ्याच ठिकाणी गुन्हा ठरतो, भले कार्नेवर अजून आठ महिने शिल्लक असोत, आणि पोलिसांनी थांबवलं तर ड्युटी, व्हॅट आणि वर दंड, कधी कधी गाडीच जप्त. ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्स कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं ते वेगळंच. अमेरिकेत याची एक वेगळी सोय आहे, तिथला रहिवासी नसलेला माणूस स्वतःच्या वापरासाठी एक वर्षापर्यंत तिथल्या नियमात न बसणारी गाडीही नेऊ शकतो, पण विकायची नाही आणि वर्षाच्या आत परत बाहेर न्यायचीच. तीन वर्षांच्या कामासाठी त्याचा उपयोग नाही.

तेव्हा तुम्हाला कायमची आयात करावी लागणार, आणि त्यात दोन वेगवेगळे दरवाजे असतात हे डोक्यात पक्कं करा. एक कस्टम्सचा, म्हणजे पैशाचा. दुसरा गाडी पास होण्याचा, म्हणजे तिथल्या प्रदूषण, आवाज, लाइट, ब्रेक वगैरे नियमात ती बसते का. पहिल्या दरवाजातून माफी घेऊन रुबाबात आत आलात आणि दुसऱ्यात अडकलात तर तुमच्याकडे ड्युटी माफ झालेली एक शोभेची वस्तू उरते. असं होतं, आणि वरचेवर होतं.

दुसरा दरवाजा जास्त अवघड म्हणून आधी तोच घेतो. युरोपात विकलेल्या गाडीला कंपनीचं सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी (गाडी तिथल्या नियमात बसते असं प्रमाणपत्र) असतं, सगळे सीओसी म्हणतात, तो कागद असला की युनियनच्या कुठल्याही देशात रजिस्ट्रेशन बऱ्यापैकी सोपं. तुमची गाडी दुसऱ्या मार्केटची असेल तर नाव तेच, टाकी तीच, रंग तोच, पण आत बराच फरक असू शकतो. फ्रेमवरची प्लेट बघा, हेडलाइटची काच बघा, आरशाची मागची बाजू बघा, गोलात मोठा ई आणि शेजारी आकडा दिसतोय का, ई१ म्हणजे जर्मनीत मंजूर झालेलं, ई४ म्हणजे नेदरलँड्स, ई११ ब्रिटन, असे ते नंबर असतात. अमेरिकन मार्केटच्या गाडीवर त्याऐवजी डीओटी लिहिलेलं दिसेल. हा साधा दहा मिनिटांचा तपास आहे, टॉर्च आणि मोबाईलचा कॅमेरा घेऊन बसा, प्रत्येक खुणेचा फोटो काढा, म्हणजे तिकडच्या टेस्टिंगवाल्याला आधीच विचारता येईल की यातलं काय चालेल आणि काय बदलावं लागेल.

तुमची गाडी पाच वर्षांची आहे म्हणून प्रदूषणाचा टप्पाही बघायला लागेल. युरोपात बाइकना युरो ४ जानेवारी २०१६ पासून नव्या मॉडेलना आणि २०१७ पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू झालं, त्यातच १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, मग युरो ५ २०२० मध्ये नव्या मॉडेलना आणि २०२१ मध्ये सगळ्यांना. सामान हलवताना आलेल्या वापरलेल्या गाडीला बऱ्याच ठिकाणी बनल्याच्या वर्षाचा नियम लावतात, काही ठिकाणी पहिल्या रजिस्ट्रेशनच्या तारखेचा, आणि काही ठिकाणी सूट मिळते पण आवाजाची टेस्ट द्यावीच लागते. यासाठी एकच सांगतो, ओरिजिनल सायलेन्सर टाकला असेल अडगळीत तर शोधून काढा आणि पाठवायच्या आधी बसवा. आफ्टरमार्केटचा पोकळ डबा घेऊन टेस्टला जायचं आणि मग दुसऱ्या देशात बसून जुन्या मॉडेलचा ओरिजिनल सायलेन्सर शोधायचा, यात दोन-तीन महिने सहज जातात. हँडल, इंडिकेटर, मागचं मडगार्ड आणि नंबर प्लेटचा स्टँड, जे काय कापलं-बदललं असेल ते सगळं परत मूळ जागी.

अमेरिकेचं गणित फार कडक आहे. गाडीवर, सहसा हँडलखाली फ्रेमच्या नळीवर, ती अमेरिकन सेफ्टी आणि प्रदूषणाच्या नियमात बनवल्याचं लेबल कंपनीने लावलेलं हवं. कस्टम्सला दोन फॉर्म द्यावे लागतात, सेफ्टीचा एचएस-७ आणि प्रदूषणाचा ३५२०-१. लेबल नसेल तर वैयक्तिक सामान, भावनिक नातं, वडिलांची गाडी, यातलं काही चालत नाही. गाडी २५ वर्षांची झाली की सेफ्टीच्या नियमातून सुटते, प्रदूषणाच्या नियमातून २१ व्या वर्षी, आणि म्हणूनच जुन्या जपानी गाड्या गोळा करणारे लोक तिकडे वाढदिवस मोजत बसलेले असतात. कॅनडात हीच हद्द १५ वर्षांची. सिंगापूरला तर उलटं, वापरलेली गाडी ३ वर्षांपेक्षा कमी वयाची हवी, आणि वर गाडी ठेवायच्या हक्काचं सर्टिफिकेट लिलावात घ्यावं लागतं, बाइकसाठी कॅटेगरी डी. तुमच्या दोन ऑफरपैकी एक सिंगापूरची असेल तर पाच वर्षांच्या गाडीचा विषय तिथेच संपला.

ऑस्ट्रेलियाबद्दल एकच पण महत्त्वाचं: मंजुरी आधी, जहाज नंतर. रोव्हर नावाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून इम्पोर्ट अप्रूव्हल आल्याशिवाय गाडी बंदरावर हलवायचीच नाही. गाडी समुद्रात असताना अर्ज टाकणारे लोक असतात, मग गाडी पोचते, अप्रूव्हल येत नाही, आणि गोदामाचं भाडं रोजच्या रोज चढत जातं, शेवटी परत पाठवा नाहीतर नष्ट करा. आणि तिथे ॲस्बेस्टॉसचं भयंकर आहे, जुन्या गाडीचे ब्रेक लाइनर, क्लच प्लेट, गॅस्केट यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याच्या आयातीवर तिथे पूर्ण बंदी आहे, नाही म्हणून नुसतं सांगून भागत नाही, पुरावा मागू शकतात. तुमची गाडी नवीन जमान्यातली आहे, पण कुणी क्लासिक घेऊन जात असेल तर त्याने हे आधी बघावं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोन्हीकडे मातीचंही तसंच. मडगार्डच्या आत, रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे, चेनच्या ग्रीसमध्ये बसलेला चिखल, सेंटर स्टँडच्या सांध्यातलं गवताचं बी, इन्स्पेक्टर आरसा घेऊन खाली वाकून बघतो. नुसता प्रेशर वॉश मारून काम होत नाही. पुढचं स्प्रॉकेट कव्हर काढा, त्याच्या आत काळा लोण्यासारखा थर असतो तो डिझेल आणि जुन्या टूथब्रशने पूर्ण काढा, सीटखालची सुकलेली पानं काढा, एअर फिल्टरचा डबा पुसा, टायरच्या खाचांतले खडे स्क्रू ड्रायव्हरने उचका. सापडलं तर तिकडे तुमच्या खर्चाने परत धुतात आणि त्या धुण्याच्या बिलात इकडे दोन चांगले टायर आले असते.

आता पैसे. बहुतेक देश ड्युटी लावतात ती गाडीची किंमत अधिक जहाजाचं भाडं अधिक इन्शुरन्स या बेरजेवर, आणि मग व्हॅट लावतात ती बेरीज अधिक ड्युटी या सगळ्यावर. अमेरिका मात्र भाडं-इन्शुरन्स सोडून किंमत धरते. आकड्यात बघा, गाडीची किंमत १०० धरली, भाडं आणि इन्शुरन्स मिळून २०, झाले १२०. युरोपियन युनियनमध्ये २५० सीसीच्या वरच्या बाइकला ६ टक्के ड्युटी आहे, २५० पर्यंत ८ टक्के, तर ६ टक्क्यांनी ७.२, एकूण १२७.२, त्यावर समजा व्हॅट २० टक्के, म्हणजे २५.४४. एकंदर ३२.६४. गाडीच्या किमतीचा एक तृतीयांश झाला आणि यात एजंट, बंदर, टेस्ट, रजिस्ट्रेशन काहीच धरलेलं नाही. लोक ६ टक्के ऐकून खूश होतात, खरा दणका व्हॅटचा असतो. म्हणूनच ती राहण्याचं ठिकाण बदलल्याची माफी इतकी मोलाची, कारण ती मिळाली तर ड्युटी आणि व्हॅट दोन्ही जातात. काही देशांत त्यावर पहिल्या रजिस्ट्रेशनचा वेगळा टॅक्स असतो, तो कस्टम्सच्या माफीत आपोआप येत नाही, त्याचा वेगळा अर्ज करावा लागतो, तो विसरू नका.

युनियनच्या आतल्या आत एका देशातून दुसऱ्या देशात हलणाऱ्यांना कस्टम्स नाही, पण तिथेही एक खोच आहे: गाडी ६ महिन्यांपेक्षा कमी जुनी किंवा ६,००० किलोमीटरपेक्षा कमी चाललेली असेल तर व्हॅटच्या हिशोबात ती "नवीन" धरली जाते आणि नव्या देशात व्हॅट भरावा लागू शकतो. या दोन्हीपैकी एक जरी लागू झालं तरी नवीन. गॅरेजमध्ये दोन वर्षं झाकून ठेवलेली, चार हजार चाललेली गाडीसुद्धा यात येते.

किंमत दाखवताना हुशारी करू नका. मालक म्हणतात की बिल निम्म्याचं दाखवू. कस्टम्सकडे बाजारभावाचे तक्ते असतात, पटलं नाही तर ते स्वतःची किंमत लावतात, आणि इन्शुरन्स क्लेमच्या वेळी तुम्हाला तीच निम्मी किंमत मिळते.

कागद. खरेदीची पावती, रजिस्ट्रेशनचा ओरिजिनल कागद तुमच्या स्वतःच्या नावावर (बायकोच्या नावावर असेल तर अर्जही तिच्या नावाने, यावरून बरेच अडकतात), गेल्या वर्षभराचे इन्शुरन्सचे आणि सर्व्हिसचे कागद कारण "वापरात होती" हे त्यावरूनच सिद्ध होतं, तिकडच्या नोकरीचं पत्र, घराचा करार, इकडे राहात होतात याचा पुरावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आधी, नाहीतर निघायच्या बंदरातच गाडी थांबेल. अमेरिकेतून गाडी बाहेर काढताना मालकीचा ओरिजिनल कागद आणि गाडी निर्यातीच्या निदान ७२ तास आधी कस्टम्सपुढे ठेवावी लागते, कर्ज असेल तर बँकेच्या लेखी परवानगीसकट.

आणि चॅसी नंबर. हा माझा आवडता विषय आहे म्हणून जरा थांबतो. आजकालच्या गाड्यांचा नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. तरी कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी शून्याच्या जागी ओ टाईप केलेला असतो. रजिस्ट्रेशनवर ओ, पावतीवर शून्य, बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) पुन्हा ओ, आणि कस्टम्सचा माणूस हँडल वळवून फ्रेमवर बघतो तर शून्य. त्याच्या दृष्टीने ही कागदावरची गाडी नाहीच. दुरुस्तीसाठी मूळ देशात अर्ज, आणि तुम्ही तर तिकडून निघून आलात. तेव्हा निघायच्या दोन महिने आधी हँडल पूर्ण एका बाजूला वळवा, नळीवरचा नंबर कपड्याने पुसा, फोटो काढा, आणि प्रत्येक कागदाशी एकेक अक्षर ताडून बघा, इंजिन नंबरही.

पाठवायची पद्धत. तुमची कंपनी घरसामानाचा खर्च देते म्हणताय तर पहिला पर्याय तोच, घरसामानाच्या कंटेनरमध्येच पेटीत बसवून. पण कंपनीच्या पॉलिसीत वाहन चालतं का ते लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसीत सोफा चालतो, गाडी नाही. शिवाय एकाच कंटेनरमध्ये असल्यावर गाडीच्या कागदात अडचण आली तर अख्खं घर, गाद्या-भांड्यांसकट, बंदरावर थांबतं, त्यामुळे लहान मुलं असतील तर मी गाडी वेगळी पाठवायला सांगतो.

वेगळी पाठवली तर कंटेनरमधली थोडीशी जागा घेणं स्वस्त दिसतं. दिसतं म्हणतोय कारण कोट येतो तो फक्त बंदर ते बंदर, आणि पोचल्यावर उतरवणं, गोदाम, डिलिव्हरी ऑर्डर, डॉक्युमेंट फी, असं काय काय मिळून कधी कधी समुद्राच्या भाड्याहून जास्त होतं. एजंटला एकच प्रश्न विचारा, तिकडच्या बंदरावर माझ्या खिशातून काय काय जाणार ते ओळीनं लिहून दे. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा बघा.

विमानाने लवकर जाते, आणि तिथे वजनापेक्षा आकाराचे पैसे लागतात, एक घनमीटर म्हणजे साधारण १६७ किलो असं धरतात. गाडी उभीच्या उभी, आरसे आणि काच लावलेली, पेटी २.२ मीटर लांब, ०.९ रुंद, १.३ उंच झाली तर ती ४२९ किलोची धरली जाते, भले गाडी २१० आणि पेटी ४५ असो. आता पुढचं चाक काढा, हँडल सोडवून टाकीवर आडवं करा (खाली जाड कापड घाला, नाहीतर टाकीवर कायमचा पोचा), काच, आरसे, मागच्या पेट्या उतरवा, पेटी १.९ बाय ०.८ बाय १.१ मध्ये बसली तर तीच २७९ किलो. दीडशे किलोचं भाडं एका संध्याकाळच्या पान्याच्या कामात वाचलं. जहाज आणि विमान दोन्हीकडे गाडी धोकादायक माल म्हणून नोंदवली जाते, यूएन ३१६६ हा तिचा नंबर, पेट्रोल जवळजवळ पूर्ण काढायचं, विमानात टाकीच्या पाव भागापेक्षा जास्त चालतच नाही, आणि बॅटरी शॉर्ट होणार नाही अशी बंद करायची.

पेटीचं लाकूड साधं चालत नाही. आयएसपीएम १५ (लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम) असा शिक्का हवा, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवल्याचा, त्यावर एचटी लिहिलेलं असतं. प्लायवूडला हे लागत नाही, पण खालच्या फळ्या प्लायवूडच्या नसतात, तिथेच पकडतात. आणि गाडी बांधताना पट्टे हँडलच्या टोकाला नाही, खालच्या फोर्क क्लॅम्पला, सस्पेन्शन पूर्ण दाबून टाकू नका, फोर्कचे सील जातात. मध्ये लाकडाचा ठोकळा द्या.

मालाच्या इन्शुरन्समध्ये क्लॉज ए मागा, सगळ्यात व्यापक संरक्षण त्यातच असतं. क्लॉज सी स्वस्त असतो, त्यात आग, जहाज बुडणं, टक्कर असल्या मोठ्या गोष्टी येतात, पण चोरी नाही, फोर्कलिफ्टने पेटीतून आरपार टाकी ठोकली तरी नाही. निघताना सगळ्या बाजूंनी फोटो, मीटरच्या आकड्यासकट, नाहीतर म्हणतील ओरखडा आधीचाच. आणि जनरल ॲव्हरेज हे प्रकरण कुणी सांगत नाही. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा मालकाने ते जाहीर केलं होतं, म्हणजे जहाज वाचवायच्या खर्चात आत ज्यांचा ज्यांचा माल आहे त्या प्रत्येकाने वाटा उचलायचा, हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. इन्शुरन्स असेल तर ती हमी कंपनी देते, नसेल तर तुम्ही.

पोचल्यावर बंदरावरून गाडी चालवत घरी नेता येईल हे डोक्यातून काढा. कस्टम्स झालं तरी प्लेट नसते, प्लेट नाही म्हणून इन्शुरन्स नाही, टेस्ट झाल्याशिवाय प्लेट नाही. व्हॅन बघून ठेवा, किंवा तात्पुरती प्लेट मिळत असेल तर आधी चौकशी करा. ब्रिटनमध्ये गाडी आल्यापासून १४ दिवसांच्या आत नोव्हा नावाची नोंद करायची असते, ती झाल्याशिवाय रजिस्ट्रेशनच होत नाही. डाव्या बाजूने चालणाऱ्या देशातून उजव्या बाजूच्या देशात जात असाल (किंवा उलट) तर हेडलाइटचा डिपर चुकीच्या बाजूला वर जातो, समोरच्याच्या डोळ्यात, म्हणून टेस्टमध्ये हमखास नापास. स्टिकर लावून फिरायला आलेल्याचं भागतं, रजिस्ट्रेशनला बहुतेक वेळा पूर्ण युनिट बदलावं लागतं, ते तुमच्या मॉडेलला तिकडे मिळतं का हे आधीच बघा. मैल-किलोमीटरचं मीटर नवीन गाड्यांत बटणाने बदलतं.

मग न्यावी का? तुमच्या बाबतीत माझं मत असं, की ऑफर ज्या देशाची आहे तिथे हेच मॉडेल अधिकृतपणे विकलं जातं, माफी मिळते आणि कंपनी पेटीचा खर्च देते, या तिन्हीला हो असेल तर न्या. तिन्हीपैकी एक जरी नाही असेल तर ही इकडे विका आणि तिकडे वापरलेली घ्या, साडेसहाशेची ट्विन काही दुर्मिळ चीज नाही. गाडीत जीव अडकला असेल तर ते वेगळं, मग हिशोब करूच नका, पण तसं स्वतःशी कबूल करून पैसे घाला.

तीन वर्षांनी परत यायचंय त्याचंही आत्ताच बघा. युनियनमध्ये बाहेर गेलेली वस्तू ३ वर्षांच्या आत परत आली तर ड्युटी-व्हॅटशिवाय आत घेतात, पण बाहेर गेल्याचा पुरावा लागतो आणि मुदत गाडी निघाल्यापासून मोजतात. तुमचं काँट्रॅक्ट बरोब्बर तीन वर्षांचं, त्यात गाडी तुमच्या आधी निघणार आणि तुमच्या नंतर परत पोचणार, म्हणजे मुदत उलटून जायची दाट शक्यता. मूळ देशाला हे लागू असेल तर निर्यातीचे कागद जपून ठेवा आणि परतीची पेटी काँट्रॅक्ट संपायच्या तीन-चार महिने आधी काढा, शेवटचा मोसम गाडीविना गेला तरी चालेल.

राहिलं लायसन्स. इंटरनॅशनल परमिट मुख्यतः दोन प्रकारचं असतं, १९४९ च्या करारातलं आणि १९६८ च्या, दोन्ही सगळीकडे चालत नाहीत, आणि रहिवासी झालात की ते ठरावीक मुदतीपुरतंच. काही देश तुमचं लायसन्स बदलून देताना कारचं देतात आणि मोटरसायकलची परीक्षा पुन्हा द्यायला लावतात, मोठ्या सीसीला तर नक्कीच. देश ठरला की कस्टम्सच्या आधी हे विचारा, आणि फ्रेमवरची प्लेट, हेडलाइटच्या खुणा आणि रजिस्ट्रेशनची तारीख एवढं इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.